ओठ वाचायला शिकताय? या चुका टाळा

वडोदऱ्यात कमी ऐकू येणाऱ्या मंडळींना मी ओठवाचन शिकवते. नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येकजण त्याच चुका करतो.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे सुटी अक्षरं ओळखत बसणं. प, ब, भ, म म्हणताना ओठ सारखेच मिटतात. क, ग, ह आत घशाकडे घडतात, बाहेर फारसं काही दिसत नाही. दांडिया बाजारातल्या एक काकू मोबाइलवरचे सुटे शब्द घोटून आल्या होत्या. सून म्हणाली, "मामा आलेत." काकूंनी वाचलं "बाबा आलेत", आणि यजमान आले समजून आतूनच म्हणाल्या, "आधी हातपाय धुवा!" बैठकीत पाहुणे. बिचाऱ्या इतक्या खजील झाल्या की शिकणंच सोडायला निघाल्या. त्यांच्या नजरेत काही खोट नव्हती. बाबा, मामा, पापा ओठांवर एकच दिसतात. निवड मेंदू करतो, तीही संदर्भावरून. मी सुनेला सांगितलं, "नाशिकचे मामा आलेत" असं म्हणत जा. आणि अर्धं वाक्य मराठी, अर्धं गुजराती, ही आपल्या घरची सवय निदान त्यांच्याशी बोलताना सोडा. भाषा बदलली की अंदाज पुन्हा पहिल्यापासून बांधावा लागतो.

दुसरी चूक, कानातलं मशीन काढून सराव करणं. मशीन काढलं की खरा कस लागतो, असं वाटतं. पण यात कसला आलाय कस? 1976 साली मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की कानावर "बा" आणि ओठांवर "गा" आलं तर अनेकांना "दा" ऐकू येतं. मेंदू दोन्ही एकत्र करूनच ऐकतो. कानशिलाच्या आत मेंदूची एक लांब खाच आहे, ही जुळणी मुख्यतः तिथे होते. 1997 मध्ये संशोधक जेमा कॅल्व्हर्ट आणि सहकाऱ्यांना तर असं आढळलं, की नुसते मूक ओठ पाहूनही ऐकण्याचा भाग जागा होतो. शिवाय म वेगळा करणारा नाकातला घुमारा खालच्या सुरांत असतो, आणि म्हातारपणी बहुधा तेच सूर जास्त टिकतात. जे ओठांवर दिसत नाही तेच उरलेला कान पुरवतो. मशीन लावाच.

घरच्यांनो, ओरडू नका, तोंड वेडंवाकडं होतं. खिडकीकडे पाठ करून बोलू नका, चेहरा काळोखात जातो.

"पंधरा दिवसांत शिका" छापाचे व्हिडिओ बंद करा. रोज घरच्या एकाच माणसाशी, विषय आधी ठरवून, थोडा वेळ बोला. डोकं जड झालं की थांबा.