कॅलिफोर्नियात अडकलेले पैसे: आधी काउंटीचं दार ठोठवा

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, नव्याने आलात की कोणी ना कोणी सांगतंच, "स्टेटच्या साइटवर नाव टाकून बघ, पैसे निघतील." हे पैसे म्हणजे तुमच्या नावावरची, पण तुमच्यापर्यंत न पोचल्याने कंपन्यांकडे किंवा सरकारी कचेऱ्यांत पडून राहिलेली रक्कम. सल्ला चांगला आहे, पण अर्धा आहे. राज्याच्या कंट्रोलरकडे, म्हणजे हिशेब सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जमा झालेल्या पैशाला दाव्याची मुदतच नाही. वीस वर्षांनी मागितलात तरी तो तुमचाच. काउंटीच्या, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, तिजोरीतला पैसा मात्र असा थांबून राहत नाही. सर्वसाधारणपणे तीन वर्षं कोणी मागितला नाही, तर काउंटी स्थानिक वर्तमानपत्रात आठवड्यातून एकदा, अशी लागोपाठ दोन आठवडे नोटीस छापते. पहिल्या नोटिशीपासून ४५ ते ६० दिवसांतली एक तारीख त्यात दिलेली असते. ती उलटली की रक्कम काउंटीची. १५ डॉलरपेक्षा कमी असेल तर वर्षभरानंतर नोटिशीशिवायही ती वळती करता येते. इंग्रजी वर्तमानपत्राच्या मागच्या पानावरच्या बारीक टाइपातल्या नोटिशी आपल्यापैकी कोण वाचतं? म्हणून माझं सांगणं, आधी काउंटी बघा, मग राज्य.

यात पहिली गोची अशी की आपण कोणत्या काउंटीत राहतो हेच अनेकांना ठाऊक नसतं. राज्यात ५८ काउंट्या आहेत. सनीवेल आणि कुपरटिनो सँटा क्लारात, फ्रीमाँट अलमिडात. डब्लिन अलमिडात, पण त्याला लागून असलेलं सॅन रमोन कॉन्ट्रा कोस्टात. डब्लिनमधलं अपार्टमेंट सोडून सॅन रमोनला घर घेतलंत तर शाळा, देऊळ, किराणा सगळं तेच राहतं, काउंटी मात्र बदलते. आणि पैसे शोधायचे ते जिथे व्यवहार झाला तिथे. सध्याचा पत्ता कुठला, याचा त्याच्याशी संबंध नाही. यादी कुठे काउंटीच्या ऑडिटर-कंट्रोलरच्या (हिशेब खात्याच्या) वेबपानावर असते, कुठे ट्रेझरर-टॅक्स कलेक्टरच्या (तिजोरी आणि करवसुली खात्याच्या). एकावर नाही दिसली तर दुसऱ्यावर बघा, नाहीतर सरळ फोन करा.

काउंटीशी आपला पैशाचा संबंध येतो कुठे? मुख्यतः घरपट्टीत. घर घेतलं की असेसर, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवणारा काउंटीचा अधिकारी, नव्या किमतीने मूल्यांकन करतो आणि फरकाचं सप्लिमेंटल (पुरवणी) बिल वेगळं निघतं. नेहमीची घरपट्टी अनेकदा गृहकर्ज देणारी बँकच भरते, पण हे बिल सहसा तुमच्या पत्त्यावर येतं, बँकेकडे जात नाही. नवीन माणूस गोंधळतो, बँकेला कळवतो, उशीर नको म्हणून स्वतःही भरतो आणि एकच बिल दोनदा भरलं जातं. मग परतीचा चेक निघतो, कधी कधी महिने गेल्यावर. तोवर तुम्ही घर बदललेलं असेल तर तो चेक जुन्या दारात. कर कमी करून मिळावा म्हणून अर्ज केला आणि घर विकल्यानंतर तो मंजूर झाला, तरी हेच. याशिवाय परवान्यासाठी ठेवलेली अनामत, जास्त भरलेली फी, न वटवलेले जुने चेक असं किरकोळ बरंच असतं.

पोस्टाला पत्ता बदलल्याचं कळवलंय म्हणून निर्धास्त राहू नका. साधं टपाल वळवण्याची सोय बारा महिन्यांची असते आणि सरकारी चेकच्या पाकिटांवर बऱ्याचदा "पुढे न पाठवता परत करा" अशी सूचना छापलेली असते. काउंटीला पत्ता वेगळा कळवावा लागतो.

राज्याकडे जातं ते खासगी कंपन्यांकडे पडून राहिलेलं: बँक खाती, विम्याची रक्कम, वीज कंपनीची अनामत, आधीच्या नोकरीचा शेवटचा पगार. सर्वसाधारणपणे तीन वर्षं हालचाल नसली की कंपनीने ते राज्याकडे द्यायचं, पगाराला एकच वर्ष. चार मित्रांनी मिळून घेतलेल्या अपार्टमेंटच्या डिपॉझिटचा चेक चौघांच्या नावे निघतो, चौघं चार शहरांत पांगतात आणि तो तसाच राहतो. दावा करताना चौघांच्याही सह्या लागू शकतात, तेव्हा जुन्या रूममेटशी फार भांडून निघू नका.

टेक कंपन्यांत असलेल्यांनी हे मात्र नीट वाचा. जुन्या कंपनीचे शेअर ब्रोकरकडे तसेच ठेवून द्यायचे आणि खात्याकडे फिरकायचंच नाही, ही सवय महागात पडते. तीन वर्षं काही हालचाल नाही आणि पत्रंही परत गेली, तर ते शेअर राज्याकडे जातात. राज्य ते कायम सांभाळत बसत नाही, साधारण दीड-पावणेदोन वर्षांत विकून टाकतं. नंतर तुम्हाला मिळते ती विक्रीची रक्कम. पुढे भाव दुप्पट झाला तरी तो तुमचा नाही. वर्षातून एकदा लॉगिन करा, पत्ता तपासा, झालं.

आता शोधायचं कसं. राज्याची साइट क्लेमइट डॉट सीए डॉट जीओव्ही. इतर राज्यांत राहिला असाल तर मिसिंगमनी डॉट कॉमवर बऱ्याच राज्यांच्या नोंदी एकत्र सापडतात. दोन्ही फुकट. पण आपली नावं इथल्या खात्यांत कशी चढतात, ते आधी लक्षात घ्या. पासपोर्टवर "सुप्रिया सुनील" हे नाव आणि "देशमुख" हे आडनाव असेल, तर बँकेत ती "सुप्रिया सुनील देशमुख", पगाराच्या कागदावर "सुप्रिया एस.", वीज कंपनीत थेट "सुनील देशमुख". लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं, काही घरांत तर पहिलं नावही. नाव-आडनाव उलटसुलट, स्पेलिंगमध्ये व्ही की डब्ल्यू, शेवटी एक ई जास्त, हे सगळं धरून शोधा. आडनाव फारसं आढळणारं नसेल तर एकटं आडनाव आणि शहर टाका. जोशी-कुलकर्णी-पाटील मंडळींना यादी चाळण्यावाचून गत्यंतर नाही.

नाव सापडलं तरी "तो मीच" हे दाखवावं लागतं आणि तिथेच दावे अडतात. जुन्या पत्त्याशी तुम्हाला जोडणारा कागद हवा: त्या वर्षीचा डब्ल्यू-टू (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगार-कराचा कागद), भाडेकरार, बँकेचं स्टेटमेंट. डब्ल्यू-टू कधीही टाकू नका. रक्कम हजार डॉलर किंवा जास्त असेल तर राज्याच्या अर्जावर नोटरीची सही लागते. कॅलिफोर्नियात नोटरीला एका सहीचे १५ डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि वैध भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो.

वारसांचं प्रकरण जास्त किचकट. इथे एकटा राहणारा मुलगा किंवा मुलगी गेली, मृत्युपत्र नाही, जोडीदार-मुलं नाहीत, तर कायद्याने वारस आई-वडील. ते असतात सांगलीला नाहीतर डोंबिवलीला. मालमत्ता ठराविक मर्यादेच्या आत असेल (१ एप्रिल २०२५ पासूनच्या मृत्यूंसाठी ही मर्यादा २,०८,८५० डॉलर), तर बँकेतली रक्कम वगैरे मिळवायला कोर्टात प्रोबेट, म्हणजे वारसाहक्काची कोर्टाची प्रक्रिया, लागत नाही. मृत्यूनंतर ४० दिवस गेले की प्रतिज्ञापत्रावर दावा करता येतो. मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि सह्या लागतात. भारतात केलेल्या सहीला तिकडच्या नोटरीचा नुसता शिक्का पुरत नाही. एकतर मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत वेळ घेऊन सही करायची, दर शिक्क्याला ५० डॉलर, नाहीतर नोटरी करून त्यावर अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचं सरकारी प्रमाणन) घ्यायचं. आई-वडील इथे येणारच असतील तर ते काम इथल्या नोटरीकडेच उरकून घ्या.

मृत व्यक्तीचं घर किंवा प्लॉट असेल तर घरपट्टी थकलीय का, हे लगेच बघा. पाच वर्षं थकली की काउंटी मालमत्ता लिलावात काढू शकते. कर वळता करून उरलेल्या पैशावर मूळ मालकाचा किंवा वारसाचा हक्क असतो, पण नव्या मालकाच्या नावे दस्त नोंदल्यापासून एकाच वर्षात तो मागावा लागतो. असा दावा लावायचा तर वकिलाची फी वाया जात नाही.

एरवी कोणालाही पैसे देऊ नका. "तुमचे अमुक डॉलर पडून आहेत, आम्ही काढून देतो" अशी पत्रं येतील. राज्याकडचे पैसे शोधून देणाऱ्याला कायद्याने दहा टक्क्यांपर्यंतच मेहनताना घेता येतो आणि तोही तुम्ही करारावर सही केलीत तर. आधी स्वतः शोधा. राज्य किंवा काउंटी दाव्यासाठी आगाऊ फी मागत नाही. फोनवर सोशल सिक्युरिटी नंबर किंवा गिफ्ट कार्ड मागणारा माणूस सरकारी नसतो.

दुसऱ्या राज्यात नोकरी लागली तर तिथले नियम वेगळे निघतील. टेक्सासात १०० डॉलरपर्यंतच्या रकमा काउंटी, शहर किंवा सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था (स्कूल डिस्ट्रिक्ट) स्वतःकडेच ठेवू शकतात, राज्याच्या साइटवर त्या दिसतीलच असं नाही.