आईबाबांना घेऊन गाडीने लांबचा प्रवास कसा करावा

नकाशा उघडायच्या आधी एक कागद घ्या आणि त्यावर आईचा किंवा बाबांचा रोजचा दिवस लिहून काढा. किती वाजता उठतात, पोट कधी साफ होतं, गोळ्या कुठल्या वेळेला, दुपारी आडवं व्हायची सवय आहे का, रात्री किती वेळा उठावं लागतं. वेळापत्रक या कागदावरून बनवायचं, किलोमीटर नंतर.

मी पहिल्या खेपेला उलटं केलं होतं. रोज 600 किलोमीटर असा हिशोब मांडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा गाडीतून उतरले आणि दरवाजा धरून तसेच उभे राहिले. "काही नाही, पाय जरा आखडलेत." त्यांची पाण्याची बाटली सकाळी भरून ठेवली होती, ती अजून गळ्यापर्यंत भरलेलीच होती. मला सारखी गाडी थांबवावी लागू नये म्हणून ते दिवसभर पाणीच प्यायले नव्हते.

थांबायचं का, हे विचारू नका

विचारलं की "नको, चालू दे" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा दर दोन तासांनी गाडी थांबवायची आणि "मला पाय मोकळे करायचेत" म्हणत आधी आपणच उतरायचं. हे लाड नव्हेत. सलग चार तासांहून जास्त बसून राहिलं की पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो; वय, लठ्ठपणा, नुकतंच झालेलं ऑपरेशन यांनी तो आणखी वाढतो. पाच मिनिटं चालणं पुरतं. गाडीत बसल्या बसल्याही अधूनमधून घोटे वरखाली हलवायला सांगा, त्याने पोटऱ्यांतलं रक्त वर ढकललं जातं. आणि थांबण्याची जागा स्वच्छतागृह पाहून ठरवा. ते नक्की मिळणार हे कळलं की बाटलीतलं पाणी आपोआप कमी व्हायला लागतं.

दिवसाचं अंतर

नकाशा पाच तास दाखवत असेल तर सात धरा. माझ्या मते नकाशावरचे पाच तास ही दिवसाची कमाल मर्यादा, आणि तीन दिवस चालवलं की चौथा दिवस पूर्ण मुक्काम. अंधार पडायच्या आत पोचायचं. रस्ता 2500 मीटरच्या वर जाणार असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, विशेषतः हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर. 3000 मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये.

सीट

निघायच्या आठवडाभर आधी त्यांना गाडीत बसवून तासभर फिरवून आणा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला गाडीत शिरताना एक पाय आत टाकून वाकणं फार जड जातं. त्यांना सीटकडे पाठ करून उभं करा, आधी बूड टेकू द्या, मग दोन्ही पाय एकत्र आत. सीट कापडी असेल तर वर प्लास्टिकची पिशवी अंथरली की वळणं सोपं होतं. बसून झालं की ती काढून घ्या, नाहीतर ब्रेक दाबल्यावर माणूस पुढे घसरतो. कमरेमागे टॉवेलची गुंडाळी द्या. पट्टा पोटावरून नव्हे, खाली कमरेच्या हाडावरून जायला हवा. झोप आली म्हणून सीट पार मागे पाडू देऊ नका, तसं केलं की पट्टा अंगापासून सुटतो आणि त्याचा उपयोग राहत नाही. मळमळ होत असेल तर पुढची सीट, नजर दूर रस्त्यावर, आणि मोबाइल बंद.

औषधं

प्रवासाचे दिवस अधिक पाच, एवढ्या गोळ्या घ्या. त्या डिकीतल्या बॅगेत नकोत, हाताशी हव्यात. उन्हात उभी केलेली गाडी तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंश जास्त तापू शकते, म्हणून थांबलात की औषधांची पिशवी बरोबर खाली उतरवा. न उघडलेलं इन्शुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं. पण बर्फाला चिकटून गोठलं तर ते टाकूनच द्यावं लागतं. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, मनाने बंद करू नका. औषधांची नावं, मात्रा, ॲलर्जी आणि शेवटच्या ईसीजीची प्रत एका पाकिटात घालून गाडीत ठेवा. मोबाइल नेमका बंद पडतो तेव्हा हे पाकीट कामाला येतं.

गाडी आणि तुम्ही

गाडीची सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी नको, दहाएक दिवस आधी करा, म्हणजे काही राहिलं असेल तर कळेल. टायरची हवा टायर थंड असताना तपासा, स्टेपनीचीही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत दिसते म्हणून दहा वर्षांच्या टायरवर लांब जाऊ नये.

दुपारी दोन ते चार ही डुलकीची वेळ. ताशी 90 किलोमीटर वेगात चार सेकंद डोळा लागला तर गाडी 100 मीटर पुढे गेलेली असते. बाबा दुपारी पडतात त्याच वेळी गाडी सुरक्षित जागी लावून तुम्हीही वीस मिनिटं झोपा. या बाबतीत त्यांची सवय आपल्याला वाचवते.

मुक्काम

खोली बुक करण्याआधी फोन करा. तळमजला आहे का, नाहीतर लिफ्ट आहे का, बाथरूमची फरशी घसरडी आहे का, कमोड आहे का. फोटोंवर विश्वास नको. रात्री खोलीत शिरल्या शिरल्या पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट मोकळी करा आणि बाथरूमचा दिवा चालू ठेवा. नव्या जागी अंधारात उठून धडपडणं हा प्रवासातला सगळ्यात टाळता येण्यासारखा अपघात.

त्यांना काम द्या

नुसतं बसून राहिलेला माणूस कंटाळतो, आणि मग ओव्हरटेक करताना सूचना सुरू होतात. मी बाबांना वही दिली: इंधन किती भरलं, मीटर किती, कुठे थांबलो. तीन दिवसांनी चाळली तर त्यात "4.10. मोठा पूल. पाणी गढूळ. 110 ने चालवतोय, सांगून उपयोग नाही" अशाही नोंदी. त्यानंतर मी 80 च्या वर गेलो नाही.

घरी पोचल्यावरही काही आठवडे त्यांच्या पायांकडे लक्ष असू द्या. गुठळीचा त्रास कधीकधी प्रवास संपल्यावर दिसतो. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, गरम लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी, ते "उतरेल आपोआप" म्हणत असले तरी.