फ्रीलान्सरने पाटीवर नेमकं काय लिहावं?

‘वेबसाइट, लोगो, सोशल मीडिया, कंटेंट, सगळं करून मिळेल’ ही प्रोफाइलवरची पाटी वाचून समोरच्याला एवढंच कळतं, की या माणसाला काम हवं आहे. काम द्यायला निघालेल्याचं मात्र काहीतरी ठरावीक अडलेलं असतं. साइट मोबाइलवर रखडते, पाठवलेले मेल स्पॅममध्ये पडतात, ऑर्डरचा आकडा दोन ठिकाणी दोन निघतो. म्हणून पाटीवर लिहायचं एकच खास काम निवडताना आपल्याला काय येतं ते थोडं बाजूला ठेवायचं आणि आधी बघायचं, की कोणाचं काय पुन्हापुन्हा अडतं आणि ते सोडवून घ्यायला तो पैसे मोजतो का.

जुन्या कामांचा हिशोब

गेल्या 12 महिन्यांतली सगळी कामं स्प्रेडशीटमध्ये भरा, एका ओळीत एक काम. सात रकाने पुरतात: क्लायंटचा व्यवसाय, त्याचं काय अडलं होतं, मिळालेले पैसे, गेलेले तास, दुरुस्तीच्या फेऱ्या, बिल दिल्यापासून पैसे यायला लागलेले दिवस, आणि तो पुन्हा आला का किंवा त्याने कोणाला पाठवलं का.

चूक होते ती तासांच्या रकान्यात. फोन, मीटिंग, फाइलसाठी केलेली आठवण, शेवटच्या क्षणी बदललेला रंग, हे सगळं त्यात धरायचं. समजा, 100 एककांचा (रुपये, डॉलर, काहीही धरा) लोगो 8 तासांत झाला असं वाटतंय. बोलणी आणि पाच फेऱ्या धरल्या की 20 तास निघतात, म्हणजे तासाला 5. त्याच्याच खालच्या ओळीत 60 एककांचं, कंटाळवाणं म्हणून विसरून गेलेलं डेटा-सफाईचं काम असतं. ते 6 तासांत संपलं होतं, तासाला 10. मिरवायला लोगो बरा, पण पोट कशावर चालतं ते हा तक्ता सांगतो.

‘काय अडलं होतं’ हा रकाना स्वतःच्या भाषेत लिहू नका. क्लायंटच्या पहिल्या मेसेजमधलं वाक्य जसंच्या तसं चिकटवा. ‘एसइओ ऑडिट’ (साइट गुगलवर मागे का पडते याची तपासणी) असं कोणी लिहीत नाही. ‘नवी साइट केल्यापासून गुगलवरून येणारे लोक कमी झाले’ असं लिहितात. पुढे पाटीवर हेच शब्द लागणार आहेत. एकच अडचण तीन किंवा जास्त ओळींत दिसली आणि तासाचा दर सगळ्या कामांच्या वरच्या एक-तृतीयांशात असला, की ती पाटीसाठी उमेदवार. असे दोन-तीन उमेदवार निघाले तर पुरे.

जुनी कामंच नसतील तर फ्रीलान्स साइटवरच्या ताज्या 50 जाहिराती घेऊन हाच तक्ता भरा. तासांसारखे रकाने रिकामे राहतील, अडचणींचा रकाना भरेल.

दोन खुंट्या पक्क्या, तिसरी सैल

पाटीला तीन खुंट्या असतात: काम कोणतं, कोणासाठी, आणि कुठल्या प्लॅटफॉर्मवर किंवा कुठल्या प्रसंगी. एकच ठोकली तर गर्दीत हरवाल. तिन्ही घट्ट ठोकल्या तर गिऱ्हाईक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं उरतं. दोन पक्क्या ठोका आणि तिसरी हलती ठेवा.

ईमेलचंच बघू. ‘ईमेल मार्केटिंग’ म्हणजे एकच खुंटी. ‘ऑनलाइन दुकानांसाठी ईमेल’ म्हटलं की दोन होतात, पण अडचण अजून दिसत नाही. ‘ऑनलाइन दुकानांचे मेल स्पॅममधून इनबॉक्सात आणून देतो’ हे वाक्य ज्याला भिडायचं त्याला भिडतं. त्यामागे खरी गरजही आहे. फेब्रुवारी 2024पासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5000हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच त्या डोमेनवरून, म्हणजे साइटच्या पत्त्यावरून आला हे तपासता यावं म्हणून केलेल्या नोंदी) हे तिन्ही लावावे लागतात, आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. ‘याहू’नेही त्याच सुमारास तसेच नियम आणले.

दुकानदाराला यातलं काही कळत नाही, पण चूक बहुतेक ठरलेली असते. मेल पाठवायची नवी सेवा घेताना एका डोमेनवर दुसरी एसपीएफ नोंद टाकली जाते. नियमाप्रमाणे नोंद एकच हवी; दोन दिसल्या की तपासणीच बाद होते. नोंद एकच असली तरी तिच्यात इतक्या सेवा कोंबलेल्या असतात, की डीएनएसच्या (डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) 10 चौकश्यांची मर्यादा ओलांडली जाते. डीमार्क थेट ‘नकार’ पातळीवर लावला तर बिलांचे खरे मेलही परत येऊ लागतात. आधी नुसतं निरीक्षण, अहवाल वाचून मग ‘विलगीकरण’ (संशयित मेल स्पॅममध्ये टाकणं) आणि शेवटी ‘नकार’, हा त्याचा क्रम. एखाद्या कामात नेहमीच्या चुका अशा चार-पाच वाक्यांत सांगता येत असतील, तर ते खास काम म्हणून चालेल. सांगता येत नसतील तर ते तुम्हाला अजून पुरेसं येत नाही.

टूलच्या नावावर किती विसंबायचं

फ्लॅश हे ब्राउझरमधल्या ॲनिमेशनचं टूल बंद करणार हे ते बनवणाऱ्या ॲडोबीने जुलै 2017मध्ये जाहीर केलं आणि 31 डिसेंबर 2020ला ते संपलं. ज्यांच्या पाटीवर फक्त ‘फ्लॅश’ होतं त्यांना साडेतीन वर्षं मिळाली. पाटीवर ‘ॲनिमेशन’ असलेल्यांनी टूल बदललं आणि काम चालू ठेवलं. उलटंही होतं. गुगलने 1 जुलै 2023ला युनिव्हर्सल ॲनालिटिक्स या साइटवर येणाऱ्यांची मोजदाद करणाऱ्या जुन्या टूलमध्ये नवा डेटा घेणं थांबवलं, तेव्हा जुन्यातून नव्यात नेऊन देणाऱ्यांना काम मिळालं. टूलचं नाव पाटीवर असायला हरकत नाही, लोक शोधतात ते त्याच नावाने. मात्र टूल उद्या गेलं तर खालची अडचण उरते का, हे विचारून बघा.

कायद्यामुळे किंवा मानकामुळे निर्माण होणारी कामं जास्त टिकतात. युरोपचा सुगम्यता कायदा (अपंगांनाही सेवा वापरता याव्यात म्हणून केलेला) 28 जून 2025पासून लागू झाला, आणि ऑनलाइन विक्री त्याच्या कक्षेत येते. अशा साइट तपासताना मजकूर आणि पार्श्वभूमीच्या रंगांत किमान 4.5 ला 1 फरक आहे का, फॉर्म नुसत्या कीबोर्डवर भरता येतो का, अशा मोजता येणाऱ्या गोष्टी असतात. ‘छान दिसत नाही’ हा वाद तिथे फारसा उद्भवत नाही.

एआयचं थोडक्यात: पहिला मसुदा जिथे फुकटात निघतो, ते काम एकटं विकायला घेऊ नका. चूक झाल्यावर कोणीतरी जबाबदार असावं लागतं, तिथे पाटी लावा.

विचारायचं कोणाला आणि काय

उमेदवार अडचण ज्यांना असेल अशा 8 ते 10 जणांशी 20 मिनिटं बोला. ‘ही सेवा घ्याल का?’ असं अजिबात विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. त्याऐवजी: हे शेवटचं कधी बिघडलं? तेव्हा काय केलंत? कोणाला पैसे दिले? थांबलं असतं तर काय बिघडलं असतं? दहापैकी तिघांनी आधीच कोणाला तरी पैसे दिले असतील तर बाजार आहे. सगळे ‘हो, बघायला हवं एकदा’ म्हणाले तर नाही, कितीही गोड बोलले तरी.

सहा आठवड्यांची चाचणी

पहिल्या आठवड्यात दोन नमुने बनवा. क्लायंट नसेल तर सरावासाठी उभारलेल्या साइटवर बनवा आणि तसं स्पष्ट लिहा. दुसऱ्यात एक ठोक काम, म्हणजे ठरलेल्या किमतीत ठरलेलं काम, आखा: काय मिळेल, किती दिवसांत, दुरुस्तीची फेरी किती, आणि काय मिळणार नाही. शेवटची ओळ गाळली की काम फुगतं. ‘एका डोमेनची तपासणी, तिन्ही नोंदींची दुरुस्ती, 14 दिवस अहवालांवर लक्ष, मेलचा मजकूर आणि डिझाइन यात नाही’, इतकं नेमकं हवं. तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत आठवड्याला 10 जणांना लिहा, प्रत्येकाला त्याच्या साइटवर दिसलेली एक खरी चूक दाखवून. सहावा आठवडा उत्तरांची वाट बघण्यात आणि आकडे वाचण्यात जातो.

30 पत्रांना एकही उत्तर नाही, तर बहुधा यादी चुकली आहे. अडचण असलेले लोक तिच्यात नाहीत. उत्तरं येतात पण काम येत नाही, तर पाटी बरोबर, ठोक कामाची आखणी संदिग्ध. काम आलं पण तासाचा दर जुन्यापेक्षा खाली गेला, तर सेवेत नको ते शिरलंय. एका वेळी एकच गोष्ट बदला. दर आठवड्याला प्रोफाइल नव्याने लिहिलं तर कशामुळे काय झालं हे कधीच कळत नाही.

या काळात जुन्या क्लायंटना सोडू नका. नव्या पाटीवरून सलग तीन महिने निम्मी कमाई आली, की जुनं काम घेणं कमी करा. तोवर प्रोफाइलवर फक्त नवं खास काम दिसू द्या. जुन्यांची कामं मेल आणि फोनवर चालतात, त्यांना पाटी वाचायची गरज नसते. आणि एकाच धंद्यातले दोन प्रतिस्पर्धी गिऱ्हाईक म्हणून आले, तर पहिल्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याला होकार देऊ नका.