उर्टेक्स्टची मागची पानं कशी वाचायची

उर्टेक्स्ट म्हणजे संगीतकाराने लिहिलं तसंच छापायचा प्रयत्न करणारं नोटेशनचं पुस्तक. मालवणात असलं पुस्तक दुकानात मिळत नाही, मागवावं लागतं आणि वर महाग, तरी माझी दोन वर्षं त्यातली मागची बारीक टाइपातली पानं न उघडताच गेली, म्हणून हे लिहितोय.

उदाहरणाला जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमानचं 'किंडरत्सेनेन' (बालपणीची दृश्यं) घ्या, ओपस (रचना क्रमांक) 15, 1838 मधले पियानोचे 13 छोटे पीस. सातवा 'ट्रॉयमेराय' (स्वप्नरंजन), तो तुम्ही कुठेतरी ऐकलेला असणारच.

आधी पेन्सिल घेऊन ट्रॉयमेरायचे बार (नोटेशनमध्ये दोन उभ्या रेघांमधलं एकेक घर) मोजा. सुरुवातीचा एकटा सी हा सूर म्हणजे नुसती उचल आहे, आपल्या भजनात समेच्या आधी मुखडा उचलतात ना, तशीच, तो धरायचा नाही, पहिला पूर्ण बार म्हणजे 1. रिपीट परत मोजू नका. शेवटी 24 आले तर बरोबर. 25 आले तर उचल मोजलीत, आणि मग मागच्या सगळ्या टिपा एकेका घराने सरकतात आणि आपण भलत्याच सुरात चूक शोधत बसतो (मी बसलोय, अख्खी संध्याकाळ).

मग कंस बघा. चौकोनी कंसातली खूण शक्यतो संपादकाची असते, शूमानची नाही. बोटांचे आकडेही बऱ्याचदा दुसऱ्याच कुणा पियानिस्टचे असतात, त्याचं नाव पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर सापडतं, हात लहान असेल तर बिनधास्त बदला.

आता मागे जा. हस्तलिखित, पहिली छापील आवृत्ती, नंतरच्या आवृत्त्या यांत कुठे काय जुळत नाही ते तिथे बारप्रमाणे दिलेलं असतं. आमच्या भजनाच्या वहीत एकाच अभंगावर तीन पिढ्यांची अक्षरं आहेत, तसलाच प्रकार, फक्त इथे कुठलं अक्षर कुणाचं ते कुणीतरी निस्तरून ठेवलंय. सगळं वाचायची गरज नाही, जिथे हात अडतो किंवा कानाला खटकतं तेवढेच बार काढा.

मेट्रोनोमचा आकडा (मिनिटाला किती ठोके, म्हणजे लय) मात्र बघाच. ट्रॉयमेरायला पहिल्या आवृत्तीत 100 छापलाय, त्याची बायको, पियानिस्ट क्लारा शूमानने नंतर काढलेल्या आवृत्तीत 80. दोन्ही लावून पहिले आठ बार वाजवा. मला 100 ला स्वप्न कसलं, एसटी पकडायची घाई वाटते, पण 80 च्या खाली गेलं की लोक उगाच रडवेलं करतात.

खुणा झेरॉक्सवर करा. पावसाळ्यात मूळ पुस्तक भिंतीला टेकवून ठेवू नका, पानं सादळतात आणि सादळलेल्या पानावर रबर फिरवलं की छपाईच निघते.