गेटसमोरचा उतार: गवंड्याला बोलावण्याआधी काय करावे

२०१९ आणि २०२१ चे पूर पाहिल्यापासून सांगलीत बरेच जण घराचं जोतं उंच घेतात. ते बरोबरच आहे. पण जोतं वर गेलं की गाडीचा उतार गेटबाहेर सरकत थेट डांबराला भिडतो आणि गटार त्याखाली गाडलं जातं. मग पहिल्याच वळवात पाणी शेजाऱ्याच्या दारात. उतार तुमचा आहे, तेव्हा तो आपल्याच हद्दीत संपला पाहिजे.

रस्ता कुणाचा ते आधी विचारा. शहरातल्या गल्लीसाठी महापालिका. गावाकडे ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद. राज्य महामार्ग आणि बहुतेक प्रमुख जिल्हा मार्गांसाठी सार्वजनिक बांधकाम विभाग. मिरजेचा १६६ किंवा पेठ नाक्याचा ४८ असा राष्ट्रीय महामार्ग असेल, तर २००२ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे महामार्ग प्रशासनाची लेखी परवानगी लागते. ठेकेदार "काही लागत नाही" म्हणाला तरी स्वतः विचारून या. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, जागेचा नकाशा आणि गटार कसं ओलांडणार त्याचा आडवा छेद सोबत न्या. अर्जाची शिक्का मारलेली पोच घ्या.

मग उंची मोजा. लेव्हल पाईपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) रस्त्याची कड आणि पार्किंगची फरशी यांतला फरक काढा. एकास आठपेक्षा, म्हणजे एक फूट चढायला आठ फूट लांबी यापेक्षा, खडा उतार नको. एकास दहा असेल तर म्हातारी माणसंही चालू शकतात. फरक ४५ सेंमी असेल तर एकास आठला ३.६ मीटर लागतात, एकास दहाला ४.५. एवढी जागा अंगणात नसेल, तर उतार बाहेर ढकलू नका, पार्किंग खाली घ्या. जोतं घराचं उंच हवं, गाडीचं नव्हे.

गटाराला हात लावताना सगळ्यात जास्त काळजी घ्या. शहरातल्या उघड्या गटारावर उचलता येतील अशाच फरश्या किंवा लोखंडी जाळी टाका. एकसंध काँक्रीट ओतलं की गाळ काढायचा कुठून? गावाकडे रस्त्याकडेच्या चरीत सिमेंटचा पाईप घालतात. तो चरीपेक्षा अरुंद नको आणि त्याचा तळ चरीच्या तळाशीच बसला पाहिजे. खोदाई वाचवायला पाईप वर बसवला की वरच्या अंगाला डबकं साचतं आणि हळूहळू रस्त्याची साईडपट्टी खचते. अंगणातलं पाणी गेटच्या आतच आडव्या जाळीच्या चरीत धरा आणि शोषखड्ड्यात सोडा.

समोर फुटपाथ असेल तर तो तोडू नका. त्याची पातळी सलग राहू द्या आणि फक्त रस्त्याकडच्या कडेला छोटा उतार द्या. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे फुटपाथ १५० मिमीपेक्षा उंच नसावा, त्यामुळे तेवढा उतार सहज बसतो.

गेट आत उघडणारं हवं. मोठ्या रस्त्यावर ते पाच-सहा मीटर आत घ्या, म्हणजे गेट उघडेपर्यंत गाडी रस्त्यावर थांबणार नाही. गेटलगतची भिंत बुटकी किंवा जाळीची ठेवा. गाडीत बसून दोन्ही बाजूंना पाहा: गळीत हंगामात उसाची जोड ट्रॉली येत असेल, तर ती वेळेत दिसते का?

काम झाल्यावर गेटपाशी चार बादल्या पाणी ओता. ते रस्त्यावर गेलं तर गवंड्याचा शेवटचा हप्ता देण्याआधी दुरुस्त करून घ्या.