जुन्या मोनोब्लॉक पंपाची गळती: आधी जागा शोधा, मग सील बदला

पंप आणि मोटार यांच्या मधल्या फटीतून पाणी टपकायला लागलं की पहिला सल्ला हमखास मिळतो, ‘तिथे एम-सील भरून टाका.’ हे अजिबात करू नका. ती फट कारखान्यातच मुद्दाम ठेवलेली असते. शाफ्टभोवती (फिरणाऱ्या दांड्याभोवती) पाणी अडवणारं आतलं मेकॅनिकल सील झिजलं तर सुटलेलं पाणी खाली पडून जावं, मोटारीत शिरू नये, एवढ्यासाठीच ती आहे. ती बुजवली की पाणी शाफ्टवरून पुढे सरकतं, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढतं आणि शेवटी वाइंडिंगपर्यंत, म्हणजे मोटारीच्या तारांच्या गुंडाळीपर्यंत पोचतं. सीलचा किरकोळ खर्च वाचवायला जावं आणि अख्खी मोटार वाइंडिंगला टाकावी लागावी, असं त्यातून होतं.

इथे दिलेली पद्धत घरगुती अर्धा आणि एक एचपीच्या सेल्फ प्रायमिंग मोनोब्लॉकसाठी (पंप आणि मोटार एकाच शाफ्टवर) आहे, म्हणजे जमिनीतल्या टाक्यातलं किंवा विहिरीचं पाणी गच्चीवर चढवणाऱ्या पंपासाठी. नळाच्या लाइनला थेट पंप जोडलेला असेल तर दुरुस्तीच्या आधी तो तिथून काढा. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय लाइनमधला दाब उतरला की फुटक्या जोडांतून घाण पाणी आत ओढलं जातं आणि तेच शेजारपाजारच्या घरांत जातं.

पाणी कुठून येतंय

पंप ओला दिसतो त्याच जागी गळती असते असं नाही. पाणी केसिंगवरून (पंपाच्या बाहेरच्या कवचावरून) ओघळत सगळ्यात खालच्या बोल्टवर येऊन टपकतं आणि लोक तो बोल्ट आवळत बसतात. पंप कापडाने कोरडा पुसा, सगळ्या जोडांवर टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी भुरभुरा आणि खाली वर्तमानपत्र अंथरा. पंप १० मिनिटं चालवा, मग बंद करून आणखी १० मिनिटं थांबा. दोन्ही वेळेस टॉर्च मारून बघा. पावडरवर पहिली ओली रेघ उमटते तिथून गळती सुरू आहे.

पंप चालू असताना कोरडा आणि बंद केल्यावर सक्शनच्या, म्हणजे पाणी आत घेणाऱ्या बाजूच्या, जोडातून थेंब, असं दिसलं तर सील निर्दोष आहे. चालू असताना त्या जोडातून हवा आत ओढली जाते, बंद झाल्यावर वरच्या पाइपातलं पाणी फूट व्हॉल्व्हवर (सक्शन पाइपाच्या तळाच्या झडपेवर) उभं राहतं आणि तोच जोड बाहेर गळतो. पंप वारंवार पाणी सोडत असेल, म्हणजे दरवेळी वरून पाणी भरावं लागत असेल, तर कारण बहुधा हेच किंवा फूट व्हॉल्व्ह. जोड उघडा, जुनी टेप पूर्ण खरवडून काढा, आट्याच्या दिशेने टेफ्लॉन टेपचे १० ते १२ वेढे घट्ट ताणून द्या. आवळताना जोर बेताचा ठेवा. बिडाच्या केसिंगचं तोंड जास्त आवळल्याने तडकतं, आणि तडकलेल्या बिडाला इपॉक्सी लावून फक्त नवं केसिंग येईपर्यंतचे दिवस निघतात.

केसिंगच्या सांध्यातून सगळीकडून ओल येत असेल तर ओ-रिंग किंवा गॅस्केट गेलंय. प्रायमिंगच्या बुचातून (पंपात वरून पाणी भरायच्या तोंडाच्या झाकणातून) येत असेल तर वायसर बदला. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत विहिरीच्या गार पाण्याने केसिंगला बाहेरून सारखे दव धरते, ती गळती नव्हे.

फटीखालून ठिबकत असेल तर मात्र सील. पुढचं सगळं त्याबद्दल.

खोलणं

एमसीबी पाडा, प्लग काढा. कपॅसिटरच्या दोन टोकांना टेस्ट लॅम्पच्या वायर टेकवून तो रिकामा करा. वीज तोडल्यावरही तो झटका देतो. पाइप सोडवा, केसिंगचे बोल्ट काढा (बहुतेक पंपांना १३ चा पाना लागतो) आणि केसिंग ओढून घ्या.

आता इम्पेलर, म्हणजे आतलं पाणी ढकलणारं चाक. सेंट्रिफ्यूगल पंपात तो शाफ्टवर आट्याने किंवा नटने बसवलेला असतो. पंख्याचं झाकण काढून शाफ्ट मागून धरा आणि इम्पेलर त्याच्या फिरण्याच्या उलट दिशेने नव्हे, फिरण्याच्याच दिशेने सोडवा, कारण चालताना तो स्वतःहून आवळला जावा असाच आटा असतो. पेरिफेरल पंपातला (कडेला बारीक पाकळ्या असलेला) पितळी इम्पेलर चावीवर, म्हणजे शाफ्टच्या खाचेतल्या छोट्या पट्टीवर, सरकता असतो आणि नागपूर परिसरातल्या विहिरींच्या जड पाण्यात तो क्षाराने जाम होतो. दोन बाजूंनी पेचकस घालून उचकटू नका. पितळ वाकतं आणि इम्पेलर केसिंगला घासायला लागतो, कारण तिथली मोकळीक कागदाच्या जाडीएवढीच असते. गरम पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवून त्यात भिजवलेलं कापड अर्धा तास गुंडाळून ठेवा, क्षार सुटतो. संडास साफ करायचं अ‍ॅसिड वापरू नका, ते बीड खातं. काही इम्पेलरना आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत दोन बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा फिरवले की इम्पेलर सरळ बाहेर येतो.

सील बसवणं

नव्वद टक्के चूक इथेच होते म्हटलं तरी चालेल. सील नवं, पंप जोडला आणि पुन्हा ठिबकायला लागलं, की दोष दुकानदाराच्या मालाला दिला जातो. माल क्वचितच खराब असतो.

सीलचे दोन भाग असतात. एक स्थिर: रबरी वाटीत बसवलेली पांढरी सिरॅमिक चकती, जी अ‍ॅडॅप्टरच्या (पंप आणि मोटार जोडणाऱ्या भागाच्या) खाचेत दाबली जाते. दुसरा फिरता: कार्बनची काळी कडी, तिच्यामागे रबरी बेलो (शाफ्टला पकडणारी लवचिक बाही) आणि स्प्रिंग, जो शाफ्टसोबत फिरतो. कार्बनचा आणि सिरॅमिकचा आरशासारखा गुळगुळीत चेहरा एकमेकांवर दाबून राहतो आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा अगदी पातळ थर वंगणाचं काम करतो. ग्रीस लागलेलं बोट, सुतळीचा धागा, वाळूचा कण, यातलं काहीही मध्ये आलं की तो मेळ मोडतो.

सील घ्यायला जाताना जुनं सील सोबत न्याच, पण शाफ्टचं मापही व्हर्नियरने घेऊन जा. १२ मिलिमीटर आणि अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, हे दोन्ही शाफ्ट जुन्या पंपांत भेटतात आणि दोन्हींची सीलं दिसायला सारखीच. अर्धा इंचाचं सील १२ च्या शाफ्टवर सहज सरकतं, म्हणून ‘बसलं’ असं वाटतं. बेलो शाफ्टला पकडतच नाही आणि पाणी रबराच्या आतून येत राहतं. नागपुरात इतवारीतल्या किंवा कॉटन मार्केट परिसरातल्या पंपाच्या सुट्या भागांच्या दुकानात माप सांगा, ‘अर्धा एचपीचं द्या’ एवढंच सांगू नका.

बसवण्याआधी शाफ्ट धरून वर-खाली हलवा. हाताला खेळ जाणवला तर बेअरिंग गेलंय आणि नवं सील थोड्याच दिवसांत पुन्हा गळणार. आधी बेअरिंग बदला. नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो, या पंपांत बहुधा ६२०२ किंवा ६२०३ निघतो. मग शाफ्टवर जिथे बेलो बसतो तिथे नखं फिरवा. नख अडकेल इतकी खाच असेल तर लेथवाल्याकडून शाफ्ट नीट करून घ्यावा लागेल. नुसता गंज असेल तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर शाफ्टभोवती गोल फिरवून घासा. लांबीच्या दिशेने घासू नका, त्या बारीक रेघा म्हणजे पाण्याला बाहेर यायला आयत्या नाल्या.

सिरॅमिकची खाच कोरड्या कापडाने लख्ख करा. रबरी वाटीला साबणाचं पाणी लावा. चकतीवर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा, त्यावर खाचेच्या मापाचा पीव्हीसी पाइपाचा तुकडा सरळ धरून तळहाताने दाबा. हातोडी मारायची नाही. सिरॅमिकला केसासारखी चीर पडते, डोळ्यांना दिसत नाही, आणि ती पहिल्या गरम-गार झटक्यात उघडते. चमकदार बाजू तुमच्याकडे हवी. बसल्यावर व्हर्नियरच्या दांडीने कडेपासून चकतीची खोली तीन ठिकाणी मोजा. तिन्ही मापं सारखी नसतील तर चकती तिरकी बसली आहे, बाहेर काढून पुन्हा दाबा. हे एक माप कुणी घेत नाही आणि गळती बहुतेक इथूनच परत येते.

फिरत्या भागाला आत साबणाचं पाणी लावा, किंचित पिळा देत शाफ्टवर सरकवा. यानंतर चहा प्यायला उठू नका. साबण वाळला की बेलो शाफ्टला आहे त्या जागी चिकटतो, आणि इम्पेलर उशिरा बसवलात तर सील चुकीच्या लांबीवर अडकतं. म्हणून इम्पेलर, चावी, सर्क्लिप (शाफ्टवर अडकवायची कडी) हाताशी आधीच मांडून ठेवा आणि १५ मिनिटांच्या आत सगळं जागेवर आणा. दोन्ही चेहरे बसवण्याआधी स्वच्छ कागदी रुमालाने पुसा, बोट लावू नका, ग्रीस तर नाहीच. स्वच्छ पाण्याचा एक थेंब पुरे.

स्प्रिंगमागे जेवढ्या चकत्या निघाल्या तेवढ्याच परत घाला. ‘एक वायसर जास्त टाका, दाब वाढेल’ हा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. दाब वाढतो हे खरं, पण त्यासोबत घर्षण आणि उष्णताही वाढते आणि कार्बन झपाट्याने झिजतो.

जोडणी आणि चाचणी

ओ-रिंग नवी घाला. गॅस्केट असेल तर जाडी जुन्याइतकीच ठेवा. पेरिफेरल पंपात जाड गॅस्केट घातलं की इम्पेलरची मोकळीक वाढते, गळती थांबते पण पाणी गच्चीवर चढत नाही. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळा, मग शाफ्ट हाताने फिरवून बघा. कुठे घासत असेल तर पुन्हा उघडा.

प्रायमिंगच्या तोंडातून केसिंग पूर्ण भरा आणि वीज न देता १० मिनिटं थांबा. कोरडं राहिलं तर पंप चालू करा, डिलिव्हरीचा (पाणी बाहेर जाण्याच्या बाजूचा) वॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून. दाब तपासण्यासाठी वॉल्व्ह बंद करून पेरिफेरल पंप चालवणं धोक्याचं आहे, तोंड बंद असताना तो सर्वांत जास्त करंट ओढतो. नवं सील पहिली काही मिनिटं एखाद-दुसरा थेंब सोडतं, ते बसतंय. १५ मिनिटांनंतरही वर्तमानपत्र ओलं होत असेल तर ‘आपोआप बसेल’ म्हणत थांबू नका, खोला आणि चकतीची खोली पुन्हा मोजा.

गळती बरेच दिवस अंगावर काढली असेल तर मोटारीकडेही बघा. आरसीसीबी (वीजगळती झाली की पडणारा स्विच) पडत असेल किंवा बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर पंप वापरू नका, ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजून घ्या. रीडिंग १ मेगोहमच्या खाली आलं तर मोटार सुकवून पुन्हा मोजायची, तरीही खालीच राहिलं तर वाइंडिंगवाला.

सील परत जाऊ नये म्हणून

नागपुरात सील जळण्याचा हंगाम एप्रिल ते जून. कूलरमुळे पाणी दुप्पट लागतं, विहिरी खाली जातात, टाकं मध्येच रिकामं होतं आणि पंप कोरडा फिरत राहतो. कोरड्या चेहऱ्यांवर काही सेकंदांत कार्बन तापतो, आणि तेवढ्यात कुणी घाईने गार पाणी भरलं की सिरॅमिक तडकतं. पंप कोरडा चालल्याचं लक्षात आलं तर बंद करा, केसिंग हाताला गार लागेपर्यंत थांबा, मगच पाणी भरा. टाक्यात फ्लोट स्विच बसवा. विहिरीत फूट व्हॉल्व्ह तळापासून निदान दीड-दोन फूट वर ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात तो गाळ आणि वाळू ओढतो.

पावसाळ्यात महिनोन् महिने बंद राहिलेल्या पंपाचे चेहरे क्षाराने एकमेकांना चिकटतात. बटण दाबताच बेलो फाटतो. म्हणून पुन्हा चालू करण्याआधी प्लग काढून, पंख्याच्या बाजूने शाफ्टच्या टोकाच्या खाचेत पेचकस घालून चार-पाच फेरे हाताने फिरवा. पहिला फेरा जड जातो, नंतर मोकळा होतो.