इजिप्तला ग्रुप टूरने जाताय? मग एवढं ठरवून निघा

ग्रुप टूरमध्ये एका देवळाला फार तर दीड तास मिळतो. त्यातला निम्मा गाइडच्या बोलण्यात, मग ग्रुप फोटो, मग स्वच्छतागृहाची रांग, आणि उरलेल्या वेळात तीन-साडेतीन हजार वर्षं उरकायची. तक्रार करण्यात अर्थ नाही, हे धरूनच निघायचं. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, त्यामुळे कुठेही गेलो तरी माझ्या डोक्यात एकच किडा वळवळतो: हे उभं कसं केलं असेल? तुमचा किडा वेगळा असेल. देव, दागिने, राण्या, काहीही. पण तो घरूनच घेऊन निघा आणि प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट नीट बघायची ठरवा. बाकीचं ओझरतं दिसलं तरी चालतं.

पैसे भरायच्या आधी कार्यक्रमपत्रिका वकिलासारखी वाचा. ‘पिरॅमिड दर्शन’ म्हणजे बहुतेक वेळा बाहेरून दर्शन. गीझाच्या सगळ्यात मोठ्या, खुफू राजाच्या पिरॅमिडच्या आत जायचं तिकीट वेगळं असतं. गुडघे कुरकुरत असतील तर त्या फंदात पडू नका. ओणवं होऊन उभा चढ चढायचा आणि वर काय, तर ग्रॅनाइटची रिकामी पेटी. भिंतीवर चित्र नाही की लेख नाही. त्यापेक्षा कैरोजवळचं सक्कारा कार्यक्रमात आहे का, ते विचारा. तिथला जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड गीझाच्याही आधीचा. डोंगरात कोरलेल्या अबू सिंबेलच्या देवळापुढे ‘ऑप्शनल’ लिहिलं असेल तर त्याचे पैसे धरूनच हिशोब करा. आणि मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ नका. लक्सरला तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो आणि देवळात सावली कमी. ऑक्टोबर ते मार्च उत्तम.

आता एकच गोष्ट बघायची म्हणजे कशी, ते सांगतो. लक्सरमधल्या कर्नाकच्या देवळात पहिल्या प्रचंड दरवाजातून आत शिरलं की सगळी मंडळी नाकासमोर चालत १३४ खांबांच्या दालनाकडे धावतात. तुम्ही अंगणात आलात की उजवीकडे वळून मागे बघा. त्या दरवाजाच्या भिंतीला आतून टेकून कच्च्या विटांचा ढिगारा उभा आहे. तो कचरा नाही. दगड वर चढवायला केलेल्या उताराचा तो उरलेला भाग. दरवाजाचं काम अर्धवट राहिलं, म्हणून हा भरावही काढायचा राहून गेला. आमच्या खात्यात काम संपल्यावर जे पहिल्यांदा उचलून न्यायचं, ते इथे दोन हजारांहून जास्त वर्षं जागेवर आहे. मी तिथे बराच वेळ थांबलो. सौ. खांबांकडे पुढे गेल्या होत्या, त्यांचा फोन आला तेव्हा हललो.

आस्वानला खाणीतला अपुरा स्तंभ असाच. सुमारे ४२ मीटर लांबीचा अखंड ग्रॅनाइट, तीन बाजूंनी सुटा केलेला, पण तडा गेला म्हणून तिथेच सोडून दिलेला. गाइड लांबी आणि वजन सांगून पुढे जाईल. तुम्ही कडेच्या चरात डोकावा. दगडावर ओळीने उथळ वाट्यांसारखे खळगे दिसतील. ते छिन्नीचे नाहीत. डोलेराइट नावाच्या कठीण दगडाचे गोळे आपटून आपटून ग्रॅनाइटचा भुगा करायचा, ही त्यांची पद्धत होती. एकेका माणसाच्या बसायच्या जागेचा अंदाज त्या खळग्यांवरून येतो.

अबू सिंबेलला आस्वानहून रस्त्याने तीनेक तास लागतात. बस पहाटे अंधारात निघते, नाश्ता खोक्यात मिळतो. आपले थेपले जवळ ठेवा. वेरूळ पाहिलेल्या माणसाला डोंगरात कोरलेल्या देवळाचं अप्रूप थोडं कमीच. चकित व्हायचं ते वेगळ्याच गोष्टीने. धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून १९६४ ते १९६८ या काळात हे अख्खं देऊळ कापून सुमारे ६५ मीटर वर नेऊन पुन्हा जोडलं. दारातल्या चार पुतळ्यांपैकी दुसऱ्याचं डोकं प्राचीन काळीच भूकंपात खाली पडलेलं. हलवताना ते तुकडेही होते तसेच पायाशी पुन्हा मांडून ठेवले. ते जरूर बघा. त्या मानाने आस्वानचं मोठं धरण बसच्या थांब्यावरून सपाट रस्त्यासारखं दिसतं. तिथे पाच मिनिटं पुरे, हे मी धरणवाला असून सांगतोय.

लक्सरजवळ राजांच्या खोऱ्यात डोंगरात खोदलेल्या राजांच्या कबरी आहेत, साध्या तिकिटावर त्यातल्या तीन बघता येतात. तुतानखामुन राजाची वेगळ्या तिकिटाची. १९२२ मध्ये सापडली म्हणून तिचं नाव मोठं, पण आकाराने लहान, आणि खजिना कैरोजवळ गीझाच्या संग्रहालयात. वरचे पैसे घालायचेच असतील तर सहाव्या रामसेसच्या कबरीत घाला आणि छत बघा. गाइडला कबरीच्या आत बोलायची परवानगी नसते. त्यामुळे तो बाहेर सांगतो तेव्हा लक्ष द्या आणि दाराशी लावलेल्या नकाशाचा फोटो काढून ठेवा.

नाईलवरच्या क्रूझमध्ये एस्नाच्या जलपाशाची वेळ विचारून ठेवा. बोट कोंडीत शिरते, दारं बंद होतात आणि पाण्याबरोबर आपण वरखाली होतो. तिथे छोट्या होड्यांतले विक्रेते झगे पिशवीत घालून थेट डेकवर फेकतात. नको असेल तर तसाच परत फेकायचा. बाजारात ‘ला, शुक्रन’ म्हणायचं आणि थांबायचं नाही. टिपेसाठी सुट्ट्या नोटा वेगळ्या खिशात असू द्या. शाकाहारींनी कोशरी मागवावी: भात, मसूर, मॅकरोनी, वर तळलेला कांदा.

शेवटची गोष्ट पपायरस (लव्हाळ्याचा कागद), अत्तर आणि दगडी वस्तूंच्या दुकानांची. हे थांबे कार्यक्रमात असतात आणि एकेका ठिकाणी तास जातो. एकट्याने कुरकुर केली तर टूर मॅनेजर हसून विषय बदलतो. पहिल्याच रात्री जेवणाच्या टेबलावर आठ-दहा जणांना गाठा आणि सगळ्यांनी मिळून सांगा, की दुकान एकच करू, बाकीचा वेळ कर्नाकला द्या. आमच्या मॅनेजरने ऐकलं, फक्त अत्तराचं दुकान मात्र काही केल्या सुटलं नाही.